‘दोन माणसांचा’ तंबू रात्रीच्या मासेमारीला का पुरत नाही?

पुण्याच्या आसपास पाण्याला तोटा नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, मुळशी, पवना, भाटघर ही धरणं आहेत आणि सोलापूर रस्त्याने खाली उतरलं की भिगवणजवळ उजनीचं बॅकवॉटर लागतं. शनिवारी संध्याकाळी गळ, रीळ आणि कणकेचा गोळा घेऊन निघायचं, रात्र काठावर काढायची आणि रविवारी जेवायला घरी यायचं, असा बेत करणाऱ्यांची पहिली मोठी खरेदी रॉडची असते आणि दुसरी तंबूची. रॉड घेताना दहा जणांना विचारलं जातं. तंबू मात्र पिशवीवर छापलेला आकडा बघून उचलला जातो. दोघं जाणार, म्हणून ‘टू पर्सन’. फसगत नेमकी इथेच होते.

तो आकडा खोटा नसतो, पण त्याचा अर्थ फार मर्यादित असतो. झोपण्याच्या एका चटईची रुंदी साधारण ५० ते ६० सेंटिमीटर धरली जाते आणि तळावर अशा जेवढ्या चटया शेजारी शेजारी बसतील तेवढ्या माणसांचा तो तंबू. म्हणून बाजारातल्या बहुतेक ‘दोन माणसांच्या’ तंबूंची आतली रुंदी १३० ते १४५ सेंटिमीटर असते, लांबी २०५-२१० आणि मधली उंची मीटरभर किंवा जरा जास्त. पाठीवरून ओझं वाहणाऱ्या गिर्यारोहकाला हे माप योग्यच आहे. रात्री आठला आत शिरायचं, पहाटे पाचला बाहेर पडायचं, मधे फक्त झोप.

मासेमारीच्या रात्रीचा हिशोब वेगळा असतो. दोघं एकाच वेळी झोपत नाहीत. एक जण रॉडला बांधलेल्या घुंगरावर कान ठेवून बसलेला असतो, दुसरा दोन तास पाठ टेकतो, मग पाळी बदलते. सामानही जास्त असतं: गळांचा डबा, आमिष, बर्फाची पेटी, दोन घडीच्या खुर्च्या, ओले बूट, विजेरी, चहाचं साहित्य. हे सगळं दव पडणाऱ्या हवेत उघड्यावर ठेवता येत नाही आणि आत घेतलं तर माणसांना जागा उरत नाही. थोडक्यात, हा तंबू झोपायची खोली कमी आणि पाळीवरच्या माणसाची चौकी जास्त असतो. ऐसपैस म्हणजे किती, हे त्या चौकीच्या मापाने ठरवायला हवं.

जागा कुठे हवी?

सगळ्यात आधी रुंदी. जमिनीवर चटई टाकून झोपायचं असेल तर दोघांना आतून १६० ते १८० सेंटिमीटर पुरतात. घडीच्या खाटा न्यायच्या असतील तर एकेक खाट ६५-७० सेंटिमीटरची असते आणि दोन्हींच्या मधे पाय ठेवायला जागा लागते, म्हणजे दोन मीटरच्या आसपास. हे माप ‘तीन माणसांच्या’ किंवा ‘चार माणसांच्या’ तंबूत सापडतं. दुकानात बघताना एक गोष्ट नीट पाहावी. पिशवीवर मोठ्या अक्षरात छापलेलं माप अनेकदा बाहेरच्या आवरणासकट असतं. आतल्या झोपण्याच्या भागाचं माप छोट्या आकृतीत दिलेलं असतं. उपयोगाचं तेच.

दुसरी गोष्ट ओसरी, म्हणजे दाराबाहेर वरच्या आवरणाने झाकलेली, तळ नसलेली मोकळी जागा. कोकणातल्या घराला जशी पडवी, तशी मासेमाराच्या तंबूला ओसरी. चिखलाचे बूट, माशांची पेटी आणि आमिषाचा डबा इथे राहतो आणि वास आत येत नाही. भुरभुर पाऊस आला तर खुर्ची इथे ओढून रॉडवर नजर ठेवता येते. ओसरीची खोली एक मीटरपेक्षा कमी असेल तर ती बुटांपुरतीच उरते. पैसे जपून खर्च करायचे असतील तर आतल्या खोलीपेक्षा ओसरीवर करावेत.

तिसरी गोष्ट दारं, आणि ती दोन असावीत. रात्री अडीचला घुंगरू वाजलं की पलीकडे झोपलेल्याच्या अंगावरून ओलांडून जाणं पहिल्यांदा विनोदी वाटतं, तिसऱ्यांदा वाटत नाही. दारांपैकी एक पाण्याकडे उघडणारं हवं आणि त्याची चेन अंधारात एका हाताने ओढता यायला हवी. दुकानातच दहा-बारा वेळा उघडझाप करून बघावी. जिथे चेनीत कापड अडकतं तिथे ते रात्री हमखास अडकणार.

उंचीच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोक्याला साधारण नव्वद सेंटिमीटर लागतात, खाटेवर बसलं तर आणखी तीस-पस्तीस. म्हणजे १३० ते १५० सेंटिमीटर उंचीत दोघं आरामात बसतात. सरळ उभं राहता येईल असा कौटुंबिक तंबू शोरूममध्ये फार मोहात पाडतो. पण उघड्या जलाशयाच्या काठावर त्याच्या उभ्या भिंती शिडासारख्या वारा पकडतात.

वारा

धरणाच्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग जमतात आणि वळवाच्या पावसाआधी वाऱ्याचा असा झोत येतो की पाच मिनिटांपूर्वी आरशासारखं असलेलं पाणी लाटांनी उसळायला लागतं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीत करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला, सहा जणांचा मृत्यू झाला. ती रोजच्या येण्याजाण्याची वाट होती. त्याच पाण्याच्या कडेला तंबू ठोकणाऱ्याने वाऱ्याला दुय्यम समजू नये.

ऐसपैसपणा आणि वारा यांचं जमत नाही, ही या खरेदीतली खरी अडचण आहे. तंबू जितका मोठा, तितका वारा जास्त. मधला मार्ग असा की जागा आडवी वाढवायची, उभी नाही: रुंद तळ, लांब ओसरी, बुटकी आणि गोलसर पाठ. घुमटाच्या आकाराचा, काठ्या एकमेकींना छेदणारा तंबू कोणत्याही दिशेचा वारा बऱ्यापैकी सोसतो. बोगद्याच्या आकाराचे तंबू आतून जास्त मोकळे असतात, पण ते मेखांच्या ताणावरच उभे राहतात. मेख सुटली की तंबू बसला.

मेख सुटेल का, हे जमिनीवर अवलंबून असतं. मुळशी, पवना, पानशेत इथे काठावर बराच ठिकाणी मुरूम आणि काळा कातळ. तंबूसोबत येणाऱ्या तारेसारख्या मेखा तिथे दुसऱ्या ठोक्याला वाकतात. उजनीकडे उलट अवस्था: उन्हाळ्यात उघडी पडलेली गाळाची जमीन वरून कडक, भेगाळलेली, आणि चार सरी पडल्या की लोण्यासारखी. कातळासाठी जाड पोलादी मेखा आणि दगडाला बांधायला जादा दोऱ्या, गाळासाठी लांब आणि रुंद पात्याच्या मेखा, असे दोन संच जवळ असावेत. मेखांशिवायही स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा घुमट तंबू कातळावर सोयीचा, पण तोही बांधल्याशिवाय सोडू नये. रिकामा तंबू वाऱ्याने गडगडत पाण्यात जातो.

काठ्या बहुतेक स्वस्त तंबूंत फायबरग्लासच्या असतात. त्या वाकतात छान, पण तुटताना उभ्या चिरतात आणि आवरण फाडतात. ॲल्युमिनिअमच्या महाग असतात, मात्र वाकल्या तरी रात्र निभावून नेतात. फायबरग्लासच घ्यायच्या असतील तर तुटलेल्या जागी सरकवायची छोटी धातूची नळी आणि चिकटपट्टी पिशवीत ठेवावी.

दोन सेकंदांत उघडणारे, हवेत फेकले की उभे राहणारे तंबू पुण्यात बरेच दिसतात. अंधार पडल्यावर काठावर पोहोचणाऱ्याला ते वरदान वाटतात. पण घडी घातल्यावर त्यांची मोठी गोल थाळी होते आणि ती ॲक्टिव्हावर कुठे ठेवायची हा प्रश्न अजून सुटलेला नाही. चारचाकी असेल तर हरकत नाही.

विजेपुढे कोणताही तंबू कामाचा नाही. कापड आणि काठ्या विजेला अडवत नाहीत, आणि हातातला लांब कार्बनचा रॉड वीज वाहून नेणारा असतो. गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून गाडीत जाऊन बसावं, काचा बंद कराव्यात. पुण्यातल्याच पाषाणच्या आयआयटीएम या संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजेची सूचना देतं. ते आधीच मोबाइलवर असावं.

हिवाळ्यात पाणी आतूनच येतं

मासेमारीच्या रात्रींचा खरा हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस नसतो, वारा पडलेला असतो. तरी सकाळी तंबू आतून ओला निघतो आणि नवखा माणूस दुकानदाराला शिव्या देतो की गळका तंबू दिला. तो गळत नसतो. निरभ्र रात्री तंबूचं वरचं कापड आकाशाकडे उष्णता सोडत हवेपेक्षाही गार होतं. आत झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ त्याला लागते आणि थेंब होऊन खाली टपकते. शेजारी जलाशय असल्याने बाहेरची हवाही दमटच असते.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे: दुहेरी तंबू. आत जाळीदार कापडाची खोली, वर वेगळं आवरण आणि दोन्हींमध्ये वीतभर मोकळी हवा. थेंब वरच्या आवरणाच्या आतून घरंगळत जमिनीवर जातात, पांघरुणावर पडत नाहीत. वर झाकणासारखा झरोका आणि खालून हवा शिरायला फट हवी. एकेरी कापडाचा तंबू हलका आणि स्वस्त असतो, पण पुण्याच्या हिवाळ्यात पाण्याकाठी तो घेऊ नये.

थंडी वाजते म्हणून झरोके बंद करून आत शेगडी पेटवणं हा मात्र जिवाशी खेळ आहे. कोळसा किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमण इथे गॅस हिटर लावून बंद खोलीत झोपलेल्या केरळच्या आठ पर्यटकांचा मृत्यू झाला. ती हॉटेलची खोली होती, तंबू तर त्याहून किती लहान. विझत आलेले निखारेही आत घेऊ नयेत. चहा ओसरीच्याही बाहेर करावा, कारण नायलॉन आणि पॉलिस्टर क्षणात पेट घेतात.

पुण्याची थंडी किरकोळ समजण्यातही अर्थ नाही. शहरात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आहे. रात्री गार हवा उतारावरून घरंगळत खोलगट भागात आणि पाण्याच्या कडेला साचते. तंबू काठापासून पंधरा-वीस पावलं वर, हलक्या उंचवट्यावर ठोकला तरी अंगाला फरक जाणवतो. डासही तिथे कमी.

तळ शिवलेलाच हवा

इंटरनेटवर मासेमारीचे तंबू शोधले की ‘बिव्ही’ नावाचा प्रकार समोर येतो. इंग्लंड-फ्रान्समध्ये कार्प माशासाठी लोक तळ्याकाठी तीन-तीन, चार-चार दिवस मुक्काम करतात. आपले रोहू, कटला, मृगळ हे त्या कार्पचेच नातेवाईक. तिथल्या गरजेतून हा तंबू घडला: गडद हिरवा, पुढून पूर्ण उघडणारा, आत दोन रुंद खाटा मावतील एवढा. घंटी वाजली की थेट खाटेवरून रॉडकडे धाव घेता येते. रचना म्हणून तो फार विचारपूर्वक केलेला आहे आणि वर सांगितलेल्या बहुतेक अपेक्षा तो पूर्ण करतो.

अडचण तळाशी आहे. अनेक बिव्हींना तळ नसतोच, किंवा असतो तो सुटा, नुसता अंथरायचा. युरोपातल्या तळ्याकाठी ते चालून जातं. इथे मण्यार आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावण्यासाठीच ती कुप्रसिद्ध आहे. चावा बारीक असतो, अनेकदा दुखतही नाही, सूज येत नाही. माणूस डास किंवा मुंगी समजून पुन्हा झोपतो. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वासाचे स्नायू थकतात. काठावर बेडूक असतात, बेडकांमागे साप असतात, आणि घोणस व नागही याच परिसरात आहेत.

म्हणून पुण्याच्या आसपास वापरायच्या तंबूचा तळ भिंतींना चारही बाजूंनी शिवलेला आणि कडा टबासारख्या वीतभर वर आलेल्या हव्यात, आणि जाळीचं दार शेवटच्या दातापर्यंत बंद व्हायला हवं. बिव्ही आवडलीच असेल तर जाळी आणि तळ शिवलेली आतली खोली तिच्यासोबत मिळते का ते विचारावं. नसेल तर ती सोडून द्यावी. दार रात्रभर बंद ठेवण्याची शिस्त पाळीवरच्या माणसाने पाळायची. पाय ओसरीतल्या बुटात घालण्याआधी बूट उलटे करून झटकायचे. झोपेतून उठल्यावर काहीतरी चावल्याची शंका आली किंवा वर सांगितलेलं एकही लक्षण दिसलं, तर जखम कापणं-चोखणं न करता १०८ ला फोन करून सर्पदंशाची लस असलेलं जवळचं रुग्णालय गाठायचं. असं रुग्णालय कोणतं, हे निघण्याआधीच माहीत करून घेतलेलं बरं.

वॉटरप्रूफचा आकडा

पिशवीवर २००० मिलिमीटर, ३००० मिलिमीटर असं काही लिहिलेलं असतं. त्याचा पावसाच्या मिलिमीटरशी संबंध नाही. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला तर किती उंचीपर्यंत ते झिरपत नाही, याचं ते माप आहे. वळवाच्या किंवा परतीच्या पावसाला वरच्या आवरणाचे २००० पुरतात. तळाला जास्त हवं, कारण गुडघा टेकला की ओल्या जमिनीतलं पाणी दाबाने वर येतं. तळाखाली साधी ताडपत्री टाकली की हे भागतं. ती मात्र तंबूच्या तळापेक्षा इंचभर लहान कापावी. बाहेर डोकावणारी कडा पावसाचं पाणी गोळा करून बरोबर अंथरुणाखाली आणते.

भर पावसाळ्यासाठी कोणता तंबू घ्यावा, याचं उत्तर सरळ आहे: घेऊ नये. तेव्हा धरणं भरत असतात, पाणी रात्रीत वर चढतं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या घरांत शिरलं होतं. धरणाखालच्या नदीपात्रात तर कोणत्याच ऋतूत तंबू टाकू नये.

पाण्याची पातळी बाकीच्या महिन्यांतही स्थिर नसते. खडकवासल्याची क्षमता जेमतेम १.९७ टीएमसी, आणि त्याच्या वर टेमघर, वरसगाव आणि पानशेत ही मोठी धरणं आहेत. वरून पाणी सोडलं की पाऊस नसतानाही खडकवासल्याची पातळी वाढते. काठावर चिखलाची ओली रेघ, काटक्या-पाचोळ्याची ओळ कुठे आहे ते बघून तिच्या बऱ्याच वर मुक्काम करावा. मुळशी-पानशेतसारख्या धरणांत ऑक्टोबरमध्ये गाडीपासून पाणी हाकेच्या अंतरावर असतं. मे महिन्यात तेच पाणी भेगाळलेल्या गाळापलीकडे लांब गेलेलं असतं. गाडी गाळात घालणं म्हणजे ट्रॅक्टर शोधायची तयारी ठेवणं. सामान हातानेच न्यावं लागतं, आणि तेव्हा आठ किलोचा राजवाडा जड वाटायला लागतो. दोघांत वाटून पाच-सहा किलोंपर्यंतचा तंबू दोन्ही ऋतूंत जमतो.

उघड्या पडलेल्या त्या जमिनीवर अनेक ठिकाणी शेतकरी गाळपेर करतात. पिकात तंबू ठोकला की भांडण ठरलेलं. जलाशयांतल्या मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना. गळ टाकण्याआधी त्यांना विचारणं आणि ठरेल ते शुल्क देणं आवश्यक आहे. रात्री त्यांची जाळी पाण्यात असतात, ती कुठे आहेत हेही त्याच विचारपूसीत कळतं. धरणाच्या भिंतीजवळ मनाई असते आणि खडकवासल्याच्या एका काठाला एनडीएची लष्करी हद्द आहे.

तंबू घरी आणल्यावर पहिली रात्र सोसायटीच्या गच्चीवर काढावी. दोघांनी सगळं सामान घेऊन आत झोपून बघावं, अंधारात उभारून बघावा, वरून नळीने पाणी मारून शिवणी तपासाव्यात. कमी पडत असेल तर बिल असेपर्यंत बदलून घेता येतो. नंतर प्रत्येक फेरीनंतर तो दोरीवर पूर्ण वाळवून मगच पिशवीत भरायचा. माशाचा वास राहिला तर मुंग्या आणि उंदीर कापड कुरतडतात. ओलसर घडी जून ते सप्टेंबर माळ्यावर पडून राहिली तर कापडावरचा जलरोधक लेप चिकट होऊन सुटतो आणि त्यावर पुन्हा लेप देऊन फारसं काही साधत नाही. पावसाळ्यात तंबू घट्ट पिशवीऐवजी जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात, सैल घडी घालून, कपाटात ठेवावा.